दशमीचं पाणी

मार्च उजाडला की शाळेच्या आवारातल्या शिरीषाच्या शेंगा खुळखुळायला लागतात, नदीकाठच्या सावरीखाली लाल फुलांचा सडा पडतो आणि मुलांच्या वह्यांची शेवटची पानं भरत येतात. या दिवसांत मी कॅलेंडरचं पान उलटते आणि सुट्ट्या बघायच्या सोडून दशमी कुठल्या वारी आली ते बघते. आमच्या घरात तिथीचं काम पौर्णिमेपुरतं. बाकी तिथ्यांशी आमचं कधी काही देणंघेणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्याने मला ही खोड लावली आणि ती आता जाता जात नाही. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बाई रिटायर व्हायच्या आधीच पंचांग बघायला लागली.

महाडला समुद्र नाही. पण समुद्र महाडला येतो. दिवसातून दोनदा तो बाणकोटच्या मुखातून आत शिरतो, सावित्रीच्या खाडीतून वळणं घेत घेत दासगावपर्यंत चढतो, तिथल्या चिखलाला पाय पुसतो आणि आल्या वाटेने परत जातो. मी पोलादपूरच्या शाळेत भूगोल शिकवते. डोंगरातून खाली धावणारं पाणीच ज्यांनी पाहिलंय अशा मुलांना मी वीस वर्षं भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर एक गोल पृथ्वी, एक लहान चंद्र, पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी. खारे वारे दुपारी, मतलई वारे पहाटे. पाच मार्कांचा प्रश्न. माझ्या वर्गातलं एकही पोर या प्रश्नात नापास झालं नाही. नापास व्हायची वेळ माझ्यावर आली.

आमचे हे डिझेल मेकॅनिक. नाव दिलीप, पण घाटातल्या ड्रायव्हर लोकांत मिस्त्री. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला यांचं गॅरेज. घाट उतरून आलेली गाडी ब्रेकचा जळका वास घेऊनच दारात उभी राहायची आणि हे इंजिन न उघडता, नुसते बाजूला उभं राहून ऐकायचे. एखाद्या बाईने भाताचं आधण ऐकावं तसं. मग सांगायचे काय बिघडलंय ते. माणूस बोलायला तिखट, हाताला हलका आणि रविवारी घरात न थांबणारा. रविवार मासे धरायचा.

याला कारण हनीफभाई. महाडातले आमचे जुने स्नेही, ट्रान्सपोर्टवाले. त्याआधी बरीच वर्षं आखातात होते. तिकडे बुडालेल्या जहाजांवर छोट्या होड्यांतून गळ टाकायला लोक सुट्टीच्या दिवशी जातात म्हणे, तो नाद ते घेऊन आले. बाणकोटच्या मुखाबाहेर, वाळूच्या दांड्याच्या पलीकडे एक माल वाहणारी बार्ज फार वर्षांपूर्वी बुडाली होती. आठ वाव, म्हणजे पन्नासएक फूट खोल, एका कुशीवर कललेली. जाळंवाले तिच्या जवळपासही फिरकत नसत, कारण लोखंडात अडकून जाळी फाटायची. म्हणूनच तिच्या पोटात तांबोशी आणि गोबरे हे मासे निवांत राहायचे. हनीफभाईंची एक लहान फायबरची होडी मुखाजवळच्या धक्क्याला बांधलेली असे. इंजिन हनीफभाईंचं, वेळ काढायची आमच्या ह्यांनी. कधी निघायचं, कधी पोचायचं, कधी परतायचं हे यांच्या डोक्यात. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. रविवारी दुपारी पिशवी यायची, मी खवले काढत बडबडायचे, आणि हे अंघोळीला पळायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचले. जानेवारीपर्यंत पाय उचलायला लागला, बोलणं जड पण कळण्याजोगं झालं. हात मात्र कोपरापासून लोंबत राहिला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, "हे सहा महिने महत्त्वाचे. जेवढं हालेल तेवढं आताच. नंतर आहे तसंच राहील. पण ते करतच नाहीत हो." खरंच करत नसत. चेंडू हातात दिला तर तो मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायचे. काठी दिली तर ती भिंतीला टेकवायचे. गॅरेजचा विषय काढला की डोळे मिटायचे. बोलायला तिखट असलेला माणूस गोड बोलायला लागला, याची मला जास्त भीती वाटली. भाजी कशी झालीय विचारलं तर "छान". अळणी झाली तरी "छान".

त्यातच आमच्या गावाची ती मार्चमधली गर्दी जवळ आली. सत्याग्रहाच्या दिवशी तळ्यावर दरवर्षी माणसं येतात, आमच्याकडे लांबलांबचे नातलग आठ-आठ दिवस आधी उतरतात. घर भरून जातं, चुलीवरचं भांडं उतरत नाही. मला हे दिवस फार आवडतात. पण त्या वर्षी येणारा प्रत्येक जण जयभीम घालून आधी यांच्या खुर्चीपाशी जायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणायचा, "बिचारे." पातळ पडद्याआडून ते सगळं यांना ऐकू जायचं. नवव्या की दहाव्या बिचाऱ्यानंतर मी पोळपाट आपटला.

त्या संध्याकाळी हनीफभाई आले. चहा घेता घेता सहज म्हणाले, "दिल्या, आपली बार्ज चालली रे. धक्क्यावर नोटीस लावलीन हाय. कापून काढणार. एप्रिलात क्रेन येतेय."

हे खिडकीबाहेर बघत होते. मान वळली. बराच वेळ ओठ जुळवत राहिले आणि म्हणाले, "एकदा."

हनीफभाईंना वाटलं हे मस्करी करतायत. मला तसं वाटलं नाही. चार महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की हे होणार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाणी शांत असेल, जॅकेट असेल, औषध चुकणार नसेल, तर जा. घरात बसून तरी काय बरे होतायत? मी परवानगी मागायला गेले होते आणि त्यांनी वर टोमणाही मारला.

आता वेळ काढायची होती आणि ती मी काढणार होते. भूगोलाची बाई घरात असताना दुसऱ्या कुणाला कशाला विचारायचं? हनीफभाईंनी मला बुडलेल्या बार्जवरच्या मासेमारीची अडचण समजावली. पाणी वाहतं असेल तर गळाचं शिसं खाली जातच नाही, तिरकं वाहत जाऊन लोखंडात अडकतं. होडी एका जागी राहत नाही. म्हणून भरती पुरी झाली आणि ओहोटी लागायची आहे, तो मधला अर्धा-पाऊण तास पाणी जागच्या जागी उभं राहतं, तेवढाच वेळ आपला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तोही मिळत नाही. भांगाचे दिवस घ्यायचे, अष्टमीनंतरचे, पाणी लेचंपेचं असतं ते. त्यातही नवमी-दशमी बरी. शिवाय सकाळ हवी, कारण अकरानंतर समुद्रावरचा वारा चढतो आणि दांड्यावर लाटा फुटायला लागतात.

"आमचे अब्बा सांगत," हनीफभाई म्हणाले, "तिथीला तिनानं गुणायचं नि चारानं भाग घालायचा. येईल तो भरतीचा टाइम. दशमी म्हंजे साडेसात."

मी हिशोब पडताळून बघायचा ठरवला. शाळेतून येताना महाडला न उतरता पुढे दासगावला जाऊन मी धक्क्याच्या जुन्या पायऱ्यांवर उभी राहायचे. हातात वही, डोक्यावर छत्री. कुठल्या पायरीला पाणी केव्हा लागलं, केव्हा थांबलं, केव्हा फिरलं. द्वितीयेला नियमाप्रमाणे दीड वाजता भरती हवी, ती पावणेचारला आली. रविवारी पौर्णिमा होती, सुट्टी असून गेले; भरती सव्वाअकराला हवी, ती दीडला आली. दरवेळी दोन-सव्वादोन तासांचा फरक. मला आनंद झाला. जुन्या माणसांचा ठोकळ नियम मी शास्त्रीय निरीक्षणाने दुरुस्त केला होता! हनीफभाईंनी मोबाईल दाखवला, त्यातही दशमीची वेळ सात चाळीस होती. मी म्हटलं, ते कुठल्यातरी लांबच्या बंदराचं असेल, आपल्या खाडीचं मी डोळ्यांनी बघितलंय, हातच्या काकणाला आरसा कशाला? हनीफभाईंनी मोबाईल खिशात टाकला. बाईंपुढे कोण बोलणार? मी तक्ता केला, लाल शाईने दशमीसमोर पावणेदहा लिहिलं आणि तो बाहेरच्या खोलीत, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ राहिलीय तिच्या वर, चिकटवला. यांच्या खुर्चीच्या अगदी समोर. हे त्याच्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, कौतुकाने बघतायत.

त्या दशमीला आम्ही आरामात सहा वाजता निघालो. धक्क्यावर दोघा जणांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चिखलातून उचलून नेलं. यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. मुखातून बाहेर पडतानाच इंजिनाचा जोर न लावता होडी पळायला लागली, तेव्हा हनीफभाईंच्या कपाळावर आठी आली. साडेनऊला बार्जवर पोचलो तर पाणी मुखातून बाहेर नुसतं धावत होतं. गढूळ पाणी, त्यात पालापाचोळा, एक तुटलेली चप्पल, आणि समोरून वाऱ्याची पहिली झुळूक. नांगर टाकला, सरकला. पुन्हा टाकला, पुन्हा सरकला. तिसऱ्यांदा धरला, पण होडी दोरावर अशी आपटायला लागली की मी यांच्या जॅकेटला दोन्ही हातांनी धरून बसले. हनीफभाईंनी यांच्या डाव्या हातात गळाची दोरी दिली. शिसं खाली गेलं न गेलं तोच अडकलं. हिसका बसला, बोटं कापली आणि दोरी तुटली. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

हे म्हणाले, "चला. परत."

पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते मिटलेले डोळे. गाडी महाडकडे लागली. आंबेतचा पूल गेला, काजूच्या बागा गेल्या, मोहराचा वास येत होता आणि तो मला त्या दिवशी नकोसा वाटत होता. मी म्हटलं, "असं कसं झालं? पाणी पावणेदहाला थांबायला हवं होतं."

मागच्या सीटवरून हे सावकाश म्हणाले, "तू दासगावचं पाणी मोजलंस. मुखाशी भरती आधी होते. तिथनं वर चढत दासगावला यायला दोन तास लागतात."

हनीफभाईंनी गाडी बाजूला घेतली. मी वळून बघितलं. इतकी साधी गोष्ट! समुद्र दारात येतो तेव्हाच तो सगळीकडे आलेला असतो असं समजणारी मी भूगोलाची बाई. शितावरून भाताची परीक्षा केली आणि तेही दुसऱ्याच भांड्यातल्या शितावरून. अब्बांचा नियम बरोबर होता, मोबाईल बरोबर होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तक्ता लावलास त्या दिवशीच."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस?"

हा एक शब्द मला अजून लागतो. खरंच नव्हतं विचारलं. डॉक्टरांना विचारलं, हनीफभाईंना विचारलं, दासगावच्या पायऱ्यांना विचारलं. ज्याच्या डोक्यात सात वर्षांचं पाणी भरलेलं होतं, त्याला विचारायचं मला सुचलंच नाही. जॅकेट, औषधं, पाण्याची बाटली, खुर्ची आणि हे, अशी माझी सामानाची यादी होती. येणाऱ्या पाहुण्यांना मी नावं ठेवत होते आणि बिचारे म्हणण्याच्या कामात मी सगळ्यांत पुढे होते.

घरी आल्यावर मी भिंतीवरचा तक्ता फाडला. कोरी वही आणि पेन्सिल घेऊन यांच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि म्हटलं, "सांगा. पंधरा दिवसांनी शुद्ध दशमी आहे. त्यानंतर क्रेन येईल. मी लिहिते."

हे आता पुन्हा डोळे मिटतील असं मला वाटलं.

"आधी," ते म्हणाले, "हाताचं बघू."

ते पंधरा दिवस मला आजही तासातासाने आठवतात. गळाची दोरी ओढायला दोन हात लागतात. एक ओढतो, दुसरा धरून ठेवतो. यांच्याकडे एकच होता. म्हणून होडीच्या काठाला घट्ट बसेल अशी एक चरखी करायची ठरली. एका हाताने फिरवायची, आणि दोरी उलटी सुटू नये म्हणून तिला दात्याचा अडथळा. ट्रकवरची ताडपत्री आवळायचा जुना दात्यांचा पट्टा हनीफभाईंनी आणून दिला. हे सांगायचे आणि मी करायचे. मी! जिने कधी गॅसची टाकी बदलली नाही, ती मी व्हरांड्यात पोत्यावर बसून कानस चालवायला लागले. "असं नाय. पुढं जाताना दाब, मागं येताना उचल. गधडे, कानस हाय ती, लाटणं नाय!" चार महिन्यांनी मला गधडे ऐकायला मिळालं. मी मान खाली घालून घासत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते आणि ते यांना आवडलं नसतं.

अंदाज डाव्या हाताने घेऊन झाला की ते उजव्या हाताने चरखीची दांडी धरून बघायचे. सुटायची. पुन्हा धरायचे. व्यायामाच्या बाई आल्या, हा प्रकार बघितला आणि त्यांनी तो रबरी चेंडू स्वतःच्या पिशवीत परत टाकला.

दुसरं, वारा. मोबाईलवर वाऱ्याचे बाण दिसतात, ते आम्ही बघतच होतो. पण यांना तेवढ्यावर भरवसा नव्हता. रोज पहाटे मला गच्चीवर पाठवायचे, बेकरीच्या धुराड्याचा धूर कुणीकडे जातोय बघायला. धूर खाडीकडे झुकला म्हणजे डोंगरावरचा वारा खाली उतरतोय, मुखाशी सकाळ शांत. मी मुलांना मतलई वारे शिकवत आले, पण ते आमच्या गल्लीतून पावाचा वास घेऊन जातात हे मला माहीत नव्हतं. मग यांनी फोन मागितला. मंडणगड-दापोलीकडून येणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या फोनवर पलीकडचा माणूस यांचा आवाज ओळखेना. यांनी फोन ठेवून दिला, पाणी प्यायले आणि पुन्हा लावला. "मिस्त्री बोलतोय. हां, तोच. तिकडं किनाऱ्याला लाट कशी हाय?" दोन दिवसांनी उलट फोन यायला लागले. कशेडी उतरता उतरता लोक सांगायचे, मिस्त्री, आज माथ्यावर ढग हाय. मिस्त्री, हर्णैला होड्या लवकर परतल्या. आणि जाता जाता एखादा विचारायचा, गाडी पिकअप घेत नाय, काय असंल? हे डोळे बारीक करून म्हणायचे, "फोन इंजिनाजवळ धर." ऐकायचे. पण गॅरेज कधी उघडणार असं कुणी विचारलं की लगेच, "बघू," आणि फोन माझ्याकडे.

वहीत शेवटी एवढंच उरलं: दशमी. बार्जवर सात वाजता. पाणी उभं साडेसातला. नांगर उचलायचा साडेआठला, काहीही झालं तरी. नऊच्या आत दांड्याच्या आत. खाली मी सही करायला लावली, दोघांना.

पहाटे चारला महाड सोडलं. दवाने काच भिजत होती, हनीफभाई वायपर चालवत होते. ते चांगलं लक्षण, हे म्हणाले, दव पडलं म्हणजे वारा नाही. धक्क्यावर ती प्लास्टिकची खुर्ची तयार होती. हे तिच्याकडे बघून म्हणाले, "नको." हनीफभाईंच्या खांद्यावर डावा हात, काठी माझ्याकडे, उजवा पाय ओढत ते चिखलातून निघाले. वीस पावलांना दहा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं नाही, कारण वहीत यांनी त्या वीस पावलांसाठी दहा मिनिटं आधीच धरली होती. ते मला तेव्हा कळलं.

बार्जवर पोचलो तेव्हा सूर्य आमच्या डोंगरांच्या मागून वर येत होता. समुद्राच्या बाजूने मी आमचे डोंगर पहिल्यांदाच असे ओळीने बघितले. तिकडे कुठेतरी माझी शाळा होती, घंटा व्हायची वेळ झाली होती आणि मी रजेच्या अर्जावर "घरगुती काम" असं लिहून आले होते. नांगर धरला. होडीच्या बाजूने फेसाचा एक ठिपका हळूहळू आत चालला होता. सात पंचवीसला तो थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिले. वीस वर्षं शिकवलेली गोष्ट माझ्यासमोर चालू होती आणि तिच्यात कसलाही आवाज नव्हता.

"टाक," हे म्हणाले.

शिसं सरळ खाली गेलं. लोखंडाला टेकलं तो ठोका चरखीच्या दांडीत आला, मलासुद्धा कळला. यांनी दोन वाव वर घेतलं. हनीफभाईंना लगेच एक लहान गोबरा लागला. यांना काही नाही. पाऊण तास काही नाही. गळाला लावलेली कोळंबी कुणीतरी दोनदा कुरतडून गेलं. फेसाचा ठिपका कधीच समुद्राकडे निघून गेला होता. पाणी फिरलं होतं, अजून सावकाश होतं, पण फिरलं होतं. सव्वाआठला चरखी कर्रकन ओरडली. यांनी डाव्या हाताने फिरवायला घेतलं, दोन फेरे आले, आणि मग दोरी दगडाला बांधल्यासारखी थांबली. मासा बार्जच्या पोटात शिरला होता.

"गेली," हनीफभाई म्हणाले. "तोड, दिल्या. नाय यायची आता."

यांनी मान हलवली. चरखीचा अडथळा उचलला आणि दोरी सैल सोडून दिली. पार सैल. आणि बसले. ओढलं तर ती आत रुतून बसते, सोडलं तर तिला वाटतं संकट गेलं, मग आपण होऊन बाहेर येते, असं त्यांनी मला तोडक्या शब्दांत सांगितलं. किती वेळ? ते तिने ठरवायचं.

साडेआठ झाले. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. हनीफभाईंनी माझ्याकडे बघितलं. लांब पाण्यावर वाऱ्याने गडद पट्टा उठवला होता. मागच्या वेळचं आपटणं मी विसरले नव्हते आणि या माणसाला घेऊन पाण्यात पडायची माझी तयारी नव्हती. मी तोंड उघडलं. हे तोच पट्टा बघत होते.

"तो इथं यायला वीस मिनिटं," ते म्हणाले. "मला दहा दे."

मी विचार केला, या माणसाला पुन्हा सामान करायचं की नाही? मी म्हटलं, "दहा. अकरावं नाही."

सहाव्या मिनिटाला सैल दोरी आपोआप सरकायला लागली. यांनी अडथळा पाडला आणि फिरवायला घेतलं. एक फेरा, दोन, पाच. फेरे मंदावले, कपाळावरची शीर फुगली. हनीफभाई पुढे झाले. मी त्यांचं मनगट धरलं. "थांबा, भाई." ते थांबले. आणि मी बघितलं, मांडीवर पडलेला उजवा हात उठला, चरखीच्या दांडीवर आला, घसरला, पुन्हा आला. त्याने दांडी फिरवली नाही, तेवढं बळ नव्हतं. पण डावा हात दम घेईपर्यंत त्याने ती धरून ठेवली. असं तीनदा झालं. मग पाण्यात लालसर काहीतरी चमकलं आणि हनीफभाईंनी जाळीने उचलून होडीत घेतलं.

तांबोशी. दीड किलोची असेल. नसेलही.

हे तिच्याकडे बघत राहिले. "एवढीशीच?" म्हणाले.

"दिल्या, मेल्या, एवढ्याशा जिवापायी माझा घाम काढलास!" हनीफभाई ओरडले आणि हसत हसत इंजिनाची दोरी ओढायला गेले. दांड्यावरून येताना तीन मोठ्या लाटांनी आम्हाला भिजवलं. मी किंचाळले. यांनी मला गप्प बस म्हणून सांगितलं.

ती बार्ज त्या उन्हाळ्यात कापून नेली. मोठ्या क्रेनने तिचे तुकडे वर काढले, तेव्हा धक्क्यावर बघायला गर्दी होती म्हणे. आम्ही गेलो नाही. तिच्या पोटातले मासे कुठे गेले असतील, असं मी एकदा हनीफभाईंना विचारलं होतं. "ऱ्हायला जागा शोधली असंल," ते म्हणाले, "त्यांना काय, कायबी बुडालेलं चालतं."

पण मला सांगायचंय ते त्या दशमीच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळची शाळा होती. हे झोपलेले असतानाच मी पहिल्या गाडीने पोलादपूरला गेले. मुलांना उजळणी दिली, साडेबाराला घरी परतले तर दाराला कुलूप. शेजारच्या ताई किल्ली घेऊन बाहेर आल्या.

"ते गेले की साडेनवाच्या गाडीनं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाय ठाऊक? काठी घेऊन निघाले. म्हटलं सोबत येऊ का, तर माझ्यावरच डाफरले."

उलट पावली मी स्टँडवर आले. पोलादपूरच्या गाडीत बसेपर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत होते. एकट्याने गाडीत चढले कसे, पडले असते म्हणजे, औषध घेतलं का, सांगून जायची रीत आहे की नाही. रागाने माझे कान तापले होते. पोलादपूरला उतरून भर उन्हात गॅरेजपर्यंत चालत गेले.

शटर अर्धंच वर गेलं होतं. बाहेर एक ट्रक, त्याची केबिन पुढे कललेली, आणि ड्रायव्हर पाना घेऊन वर चढलेला. हे खाली उलट्या डब्यावर बसले होते, मान एका बाजूला करून. मी तोंड उघडलं तर यांनी माझ्याकडे न बघता डावा हात वर केला. गप्प. इंजिन ऐकत होते. मीही उभी राहिले. मला त्यात नुसती घरघर ऐकू येत होती.

"हवा घेतंय," हे ड्रायव्हरला म्हणाले. "पंपाच्या अलीकडं बघ. तो नट आवळ. तो नव्हं रे, खालचा."

ड्रायव्हरने नट आवळला. घरघर एकसारखी झाली. यांनी मान हलवली, उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"डबा आणलास?"

"नाही."

"मग काय बघायला आलीस?"

"हेच," मी म्हटलं, आणि डोळे पुसत रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात दोन थाळ्या सांगायला गेले.